घरच्या गॅरेजमध्ये स्पोर्ट्‌स कारचं इंजिन : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचं बी-सीरीज इंजिन सगळ्यात जास्त आहे, अल्फा रोमिओच्या ट्विन कॅमबद्दलही एक पत्र आलं. उत्तरांमधले आकडे जुन्या कारच्या इंचांऐवजी शक्य तिथे मिलिमीटरमध्ये दिले आहेत.

प्रश्न : १९६७ च्या एमजीबीचं १७९८ सीसी इंजिन उतरवून स्टँडवर लावलंय. ०.०४० इंच ओव्हरसाइज पिस्टनचा सेट सहज मिळतोय. तो आधी घेऊन मग ब्लॉक बोअर करायला द्यावा का?

पिस्टन हातात आल्यावरच शेवटचं बोअरिंग करायचं, हे बरोबर. पण कुठल्या साइजचे पिस्टन मागवायचे हे ब्लॉक मोजल्यावर ठरतं, दुकानात काय मिळतंय त्यावरून नाही.

या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.२६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८८.९ मिमी. प्रत्येक सिलिंडर तीन पातळ्यांवर मोजा : वरच्या कडेच्या खाली जिथे रिंगची झीज सुरू होते तिथे, मधोमध, आणि तळाशी. प्रत्येक पातळीवर दोन मापं, एक क्रँकच्या रेषेत आणि एक तिला काटकोनात. सगळ्यात जास्त झीज वरच्या पातळीवर, काटकोनातल्या मापात दिसते, कारण पिस्टन त्याच बाजूला रेटला जातो. वर-खाली ०.१५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर नुसतं होनिंग (बोअरच्या भिंतीवर दगडाने बारीक तिरप्या रेघा मारणं) करून भागणार नाही. त्याहून कमी झीज असलेला ब्लॉक साध्या रस्त्यावरच्या इंजिनाला एखादे वेळी चालून जातो, पण कॅम बदलून ताकद वाढवायची असेल तर गोल आणि सरळ सिलिंडरच हवा.

झिजलेला भाग ०.०२० इंचात साफ होत असेल तर ०.०४० ला जाऊ नका. ब्लॉकचं एक आयुष्य विनाकारण खर्ची पडेल. ०.०६० पर्यंत गेलात तर १८६८ सीसी होतात, म्हणजे मूळच्या तुलनेत ७० सीसी, ४ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यासाठी भिंत पातळ करायची, आणि जुन्या ओतीव ब्लॉकमध्ये ती सगळीकडे सारखी जाड असेलच याचा भरवसा नाही. शिवाय पाण्याच्या बाजूने गंजून ती किती उरली आहे हे वरून दिसत नाही. इतकं मोठं बोअरिंग करायचंच असेल तर आधी अल्ट्रासोनिक जाडीमापकाने भिंती तपासून घ्या.

मोजताना तापमानाकडे दुर्लक्ष करू नका. ओतीव लोखंडाचा ८० मिमीचा बोअर १५ अंश सेल्सिअसच्या फरकाने साधारण ०.०१३ मिमी बदलतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन त्याच्या जवळजवळ दुप्पट. ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी मोजा. पिस्टनचं माप गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) काटकोनात, स्कर्टवर उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर घ्यायचं. पिस्टन-बोअर अंतरही त्याच्याच कागदावरून घ्या. २६१८ मिश्रधातूचे फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात, म्हणून त्यांना अंतर जास्त लागतं. इंजिन थंड असताना त्यांचा खडखडाट ऐकू येईल, गरम झाल्यावर तो जायला हवा.

क्रँक ग्राइंडिंगला देण्यापूर्वी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करून घ्या. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि वेब (जर्नलना जोडणारी भिंत) यांच्या कोपऱ्यातली गोलाई ग्राइंडरने पूर्ण ठेवली पाहिजे. तिथे धारदार कोपरा राहिला की तडा नेमका तिथूनच सुरू होतो. ग्राइंडिंग झाल्यावर क्रँकमधल्या आणि ब्लॉकमधल्या ऑइल गॅलरीचे प्लग काढून आतून ब्रशने धुवा. नुसती हवा मारली की वर्षानुवर्षांचा चिकट गाळ आहे तिथेच राहतो, आणि नव्या बेअरिंगवर पहिल्या दहा मिनिटांत येऊन बसतो.

प्रश्न : पाचही मेन बेअरिंगला प्लास्टिगेज (दाबून किती रुंद होते त्यावरून अंतर दाखवणारी प्लास्टिकची पट्टी) लावलं. चार ठिकाणी ०.०५ मिमी दाखवतं. मधल्या बेअरिंगवर मात्र पट्टी एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद झाली आहे. कॅप थोडी घासून घेऊ का?

कॅपला कानस लावू नका. पट्टी पाचरीसारखी होते तेव्हा बहुतेकदा कॅप तिरकी बसलेली असते, शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पत्र्याच्या) मागे कचरा असतो किंवा जर्नलच निमुळता घासला गेलेला असतो. शेल काढा, त्याची पाठ आणि ब्लॉकमधली बैठक सॉल्व्हंटने पुसा, बोटाच्या पेराने चाचपा. बैठकीच्या कडेला पंचचा बारीकसा उठाव असला तरी एवढा फरक पडतो. कॅप त्याच जागी आणि त्याच दिशेने बसली आहे ना, हे खुणेवरून पाहा. मग आट्यांना तेल लावून ९५ न्यूटन-मीटरपर्यंत दोन-तीन टप्प्यांत कसून पुन्हा पट्टी टाका. तरीही पाचरच आली तर जर्नलच्या दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावा. फरक दिसला तर क्रँक परत ग्राइंडरकडे.

प्लास्टिगेज लावताना जर्नल आणि शेल कोरडे हवेत आणि पट्टी दबलेली असताना क्रँक जराही हलता कामा नये. बाकी चार ठिकाणचं ०.०५ मिमी छान आहे. कारखान्याची मर्यादा साधारण ०.०२५ ते ०.०६८ मिमी आहे. रस्त्यावर जोरात चालवायच्या इंजिनाला ०.०४ ते ०.०६ ठेवावं. त्याहून घट्ट केलं तर तेल पुरेसं वाहत नाही आणि ढिलं केलं तर गरम असताना आयडलला प्रेशर पडतं.

थ्रस्ट वॉशर बसवताना तेलाच्या खाचा क्रँकच्या वेबकडे आल्या पाहिजेत. उलटे लागले की क्लचच्या दाबाने ते काही दिवसांत झिजतात. एंड फ्लोट (क्रँकची पुढे-मागे हालचाल) ०.१० ते ०.१३ मिमी हवा. तो डायल गेजवर बघा, फिलर गेज इथे फसवतं.

प्रश्न : बोअर ०.०४० ओव्हरसाइज झाला आहे. कॉम्प्रेशन १०:१ च्या वर हवं. हेड किती घासून घ्यावं?

किती घासायचं हे हेडकडे बघून सांगता येत नाही, हिशोब करावा लागतो. आणि हिशोबात हेडखेरीज आणखी तीन जागा असतात, त्या विसरल्या की आकडा चुकतो.

८१.२८ मिमी बोअर आणि ८८.९ मिमी स्ट्रोकला एका सिलिंडरचे ४६१.२ सीसी होतात. पिस्टन अगदी वर असताना त्याच्यावर उरणारी सगळी जागा मिळवायची. उदाहरण म्हणून, चेंबर मोजून ३९ सीसी भरला. गॅस्केटचं भोक ८२.५ मिमी आणि दबल्यावरची जाडी ०.८ मिमी, त्याचे ४.३ सीसी. पिस्टन ब्लॉकच्या पातळीपासून ०.५ मिमी खाली राहतो, त्याचे २.६ सीसी. पिस्टनवरच्या वाटीचे ६.२ सीसी. एकूण ५२.१. आता (४६१.२ + ५२.१) भागिले ५२.१, म्हणजे ९.८५:१.

१०.२:१ हवं असेल तर वर उरणारी जागा ४६१.२ भागिले ९.२, म्हणजे ५०.१ सीसी पाहिजे. दोन सीसी कमी करायचे. चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ ३८ चौरस सेंमी निघालं तर ०.५ मिमी घासल्यावर १.९ सीसी कमी होतात. या हेडचा चेंबर बदामाच्या आकाराचा असतो, त्यामुळे त्याचं क्षेत्रफळ बोअरपेक्षा बरंच कमी भरतं. बोअरच्या क्षेत्रफळाने हिशोब केलात तर हेड गरजेपेक्षा कमी घासलं जाईल.

चेंबर मोजायचा तो असा : व्हॉल्व्ह आणि जो प्लग वापरणार आहात तोच स्पार्क प्लग बसवा, कडेला ग्रीसचा पातळ थर द्या, मधे भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची जाड काच दाबून ठेवा आणि ब्युरेटने रंग घातलेलं रॉकेल सोडा. हेड थोडं तिरकं ठेवलं की शेवटचा बुडबुडा भोकातून निघून जातो. चारही चेंबर मोजा. सगळ्यात मोठ्या चेंबरचं माप धरून बाकीचे तीन हळूहळू घासून त्याच्या बरोबरीला आणायचे, मग हेड फेस करायचं (त्याचा तळ घासून सपाट करायचा). आधी फेस करून मग चेंबर जुळवत बसलात तर कॉम्प्रेशन पुन्हा खाली येतं.

हेड घासल्यावर पुशरॉड (रॉकरला वर ढकलणारे दांडे) तेवढेच लांब पडतात, रॉकर वर उचलले जातात आणि त्यांची टोकं व्हॉल्व्हच्या मधोमध राहत नाहीत. रॉकर पोस्टखाली पातळ शिम देऊन किंवा आखूड पुशरॉड घालून ते सरळ करा.

आणि १०.२ ला तुमच्याकडचं पेट्रोल पुरतं का, हा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. ओतीव लोखंडाचं हेड उष्णता हळू सोडतं, त्यामुळे नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून येणारा ठोक्यांचा आवाज) लवकर येतं. आमच्या मते रोज रस्त्यावर चालणाऱ्या बी-सीरीजला ९.५ च्या आसपास थांबून इग्निशन नीट लावलेलं जास्त चांगलं. व्हॅक्यूमची नळी काढून एकूण अ‍ॅडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती अंश लवकर पडते) ३२ अंशांच्या आसपास ठेवा. झिजलेल्या डिस्ट्रिब्युटरचे स्प्रिंग ढिले होऊन अ‍ॅडव्हान्स लवकर आणि जास्त येतो, तेव्हा आयडलला टायमिंग बरोबर दाखवणारं इंजिन ३५०० आरपीएमला वाजायला लागतं.

प्रश्न : फास्ट रोड कॅम घातला, टॅपेट (कॅम ज्यांना उचलतो ते भाग) जुनेच ठेवले, व्हॉल्व्ह स्प्रिंग दुहेरी. पहिल्यांदा सुरू केल्यावर दोन्ही एसयू कार्ब्युरेटर जुळवण्यासाठी आयडलवर बराच वेळ ठेवलं. ८०० किमीतच टॅपेटचं अंतर सारखं वाढतंय. उघडून पाहिलं तर दोन लोब (कॅमचे उंचवटे) चपटे झालेत. कॅमच खराब निघाला का?

कॅमला दोष देण्याआधी तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी पाहा. त्यातली एकही कॅम मारायला पुरते.

पहिली, जुने टॅपेट. टॅपेटचा तळ दिसायला सपाट असला तरी नवा असताना मध्यभागी काही शतांश मिलिमीटर उंच असतो आणि लोबलाही किंचित उतार असतो. त्यामुळे टॅपेट प्रत्येक उचलीला थोडा फिरतो आणि झीज एका जागी होत नाही. जुना टॅपेट जुन्या लोबबरोबर झिजून सपाट किंवा खोलगट होतो. तो नव्या कॅमवर बसवला की फिरत नाही, एकाच रेषेत घासत राहतो. दोन टॅपेट तळाला तळ लावून धरा. नवे असतील तर एकमेकांवर डुलतात, तुमचे डुलणार नाहीत.

दुसरी, आयडल. या इंजिनात लोबवर तेल येतं ते मुख्यतः फिरणाऱ्या क्रँकवरून उडून. आयडलला ते उडत नाही. वर लोबच्या टोकावर स्प्रिंगचा दाब कमी आरपीएमलाच सगळ्यात जास्त असतो, कारण वेग वाढला की टॅपेट आणि पुशरॉडची जडता त्यातला काही भाग खाऊन टाकते. तुमच्या दुहेरी स्प्रिंगने त्यात भर घातली. रन-इनपुरता आतला स्प्रिंग काढून ठेवायला हवा होता.

तिसरी, तेल. तुम्ही ते लिहिलेलं नाही. आधुनिक ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० तेलांमध्ये एपीआयच्या अलीकडच्या वर्गांनुसार फॉस्फरस ८०० पीपीएमच्या आत ठेवावा लागतो, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधतो. फ्लॅट टॅपेटला मात्र जस्त-फॉस्फरसचं तेच रसायन, झेडडीडीपी, वाचवतं. २०डब्ल्यू-५० सारख्या घट्ट तेलांना ही मर्यादा लागू नाही. डब्यावरचं वर्णन न वाचता माहितीपत्रकातला आकडा पाहा. १००० ते १२०० पीपीएम फॉस्फरस असलेलं मिनरल तेल घ्या.

आता नवा कॅम आणि नवे टॅपेट एवढ्यावर भागणार नाही. दोन लोबांचा चुरा तेलातून सगळीकडे गेला आहे. थंड तेलात फिल्टरचा बायपास उघडतो आणि चुरा न गाळता पुढे जातो. इंजिन पूर्ण उघडा, बेअरिंग शेल बदला, ऑइल पंपाच्या रोटरवर ओरखडे आहेत का बघा, गॅलरी पुन्हा धुवा.

पुढच्या वेळी लोबवर आणि टॅपेटच्या तळावर कॅमसाठीची मॉलिब्डेनम पेस्ट लावा, रिंगना ती अजिबात लावू नका. टायमिंग स्टॅटिक (इंजिन बंद असताना) लावून, फ्लोट चेंबर भरून, रेडिएटर भरून तयार ठेवा. स्पार्क प्लग काढून स्टार्टरने फिरवत गेजवर प्रेशर येऊ द्या. मग सुरू झाल्याक्षणी २००० ते २५०० आरपीएमवर घ्या आणि त्याच पट्ट्यात वर-खाली करत वीस मिनिटं चालवा. कुठे पाणी गळलं तर आयडलला न आणता इंजिन बंद करा, दुरुस्त करा आणि उरलेली मिनिटं पूर्ण करा. एसयू नंतर जुळवता येतात. टॅपेटचं अंतर कॅमच्या कार्डवर दिलेलं ठेवा. कारखान्याचं ०.३८ मिमी हे मूळ कॅमसाठी आहे.

प्रश्न : बी-सीरीज ७५०० आरपीएमपर्यंत नेता येईल का?

मूळ रॉड, मूळ बोल्ट आणि मूळ क्रँकवर नाही. ६००० वरून ७५०० ला गेल्यावर रॉडवरचा ओढ ५६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ८८.९ मिमीच्या लांब स्ट्रोकमुळे ७५०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २२ मीटरच्या वर जातो. तसंही या हेडला दोन-दोन सिलिंडर मिळून एकच इनलेट पोर्ट आहे, त्यामुळे तेवढ्या वर श्वास अपुराच पडतो. रॉड आणि पिस्टनची वजनं एका ग्रॅमच्या आत जुळवा, क्रँक फ्लायव्हील आणि क्लच कव्हरसह बॅलन्स करून घ्या आणि ६२०० ला समाधान माना.

प्रश्न : टायमिंग स्प्रॉकेटचे दोन ठिपके समोरासमोर आणले की कॅम टायमिंग झालं ना?

मूळ कॅम असेल तर झालं म्हणा. बदललेल्या कॅमला मोजूनच लावायचं. कॅमची कीवे, स्प्रॉकेटची कीवे आणि चेन, तिघांचे बारीक फरक एका दिशेला जमले तर चार-पाच अंश सहज हुकतात.

आधी खरं टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, शोधा. टीडीसीच्या आजूबाजूला क्रँक ५ अंश फिरला तरी पिस्टन जेमतेम ०.२ मिमी हलतो, म्हणून पिस्टन सगळ्यात वर कधी आला हे डायल गेजच्या काट्यावरून ठरवू नका. पिस्टन वाटेत अडेल असा आडवा स्टॉप ब्लॉकवर लावा, क्रँक हाताने दोन्ही बाजूंनी अडेपर्यंत फिरवा. डिग्री चकतीवर एकीकडे ३८ आणि दुसरीकडे ४४ आले तर काटा असा सरकवा की दोन्हीकडे ४१ यावेत. आता शून्य खरं आहे.

स्टॉप काढून पहिल्या सिलिंडरच्या इनलेट पुशरॉडवर डायल गेज लावा. पूर्ण उचलीच्या १.२५ मिमी आधी आणि १.२५ मिमी नंतर चकती वाचा. टीडीसीनंतर ७६ आणि १४४ आले तर मध्य ११० अंश. कार्डवर १०६ असेल तर कॅम क्रँकच्या ४ अंशांनी मागे आहे. कॅमच्या जागी ते २ अंश होतात, कारण क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅमचा एक होतो. ऑफसेट की मागवताना आकडा कॅमचा आहे की क्रँकचा, हे नक्की करून घ्या. की उलटी लागली तर चूक दुप्पट होते, म्हणून बसवल्यावर पुन्हा मोजा. क्रँक नेहमी चालायच्या दिशेनेच फिरवा. वाचन हुकलं तर बराच मागे नेऊन परत पुढे या, नाहीतर चेनचा ढिलेपणा मोजला जातो.

प्रश्न : अल्फा २००० जीटीव्हीचं १९६२ सीसी ट्विन कॅम. नवे लायनर (बाहेरून पाणी फिरणाऱ्या सिलिंडरच्या सुट्या नळ्या) आणि पिस्टन बसवले, पण दोन लायनर ब्लॉकच्या पातळीलाच आहेत, वर येतच नाहीत. जाड गॅस्केटने भागेल का?

नाही. वेट लायनर ब्लॉकच्या वर ०.०१ ते ०.०६ मिमी उठलेले हवेत, तरच हेड त्यांना दाबून धरतं. पातळीला असलेल्या लायनरवर गॅस्केट आज नाही तर उद्या जातं आणि पाणी तेलात उतरतं. लायनर काढा आणि ब्लॉकच्या तळाची बैठक पाहा. तिथे पाण्याचा क्षार किंवा जुन्या सीलचे तुकडे असतात. पितळी किंवा लाकडी पट्टीने खरवडा, स्टीलने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो. मग लायनर रबर सीलशिवाय बसवा, हाताने दाबा आणि डायल गेजने चार ठिकाणी मोजा. मोजताना सील असेल तर लायनर त्याच्यावर तरंगतो. बैठक साफ असूनही उंची येत नसेल तर ती दबून खाली गेली आहे, काम मशीनशॉपचं.

शेजारशेजारच्या लायनरच्या उंचीत फरक कमीत कमी ठेवा. हेड नसताना क्रँक फिरवायचा तर लायनर स्टडवर पाइपचे तुकडे, वॉशर आणि नट लावून दाबून ठेवा. नाहीतर पिस्टन लायनरला उचलतो, खालचं सील कापलं जातं आणि ते कळतं थेट पाणी भरल्यावर. हेड गॅस्केटबरोबर तेलाच्या वाटांसाठी छोटे ओ-रिंग येतात. ते पाकिटातच राहिले, असं पुष्कळदा होतं.

ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड घासलं की कॅम आणि क्रँकमधलं अंतर कमी होऊन टायमिंग मागे पडतं, ते नव्याने लावा. हेड बसल्यावर पहिले दोन फेरे पान्याने, हळू. कुठे अडलं तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला आहे. आणि जुने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भंगारात टाकण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा की त्यांच्या पोकळ दांड्यात सोडियम असतं. ते कापू नका, तापवू नका. सोडियम पाण्याला लागलं की पेट घेतं.

प्रश्न : हेड गॅस्केटला सिलिकॉन लावावं का?

नाही. बी-सीरीजचं कॉम्पोझिट गॅस्केट दोन्ही बाजूंनी कोरडंच. जास्तीचं सिलिकॉन आत लोंबतं, तुटतं आणि ऑइल पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतं. गॅस्केट गळत असेल तर ब्लॉकवरची स्टडची भोकं तपासा. वर्षानुवर्षं ओढ बसून त्यांच्या कडा उचललेल्या असतात, त्यांना काउंटरसिंकने किंचित उतार द्या. नट ६५ न्यूटन-मीटरच्या आसपास, मधून बाहेर, आणि पहिल्या तापण्या-थंड होण्यानंतर पुन्हा एकदा.

प्रश्न : होनिंग केलं, नव्या रिंग घातल्या, १००० किमी झाले तरी निळा धूर आहे.

धूर कधी येतो ते आधी बघा. उतारावर पाय काढून उतरल्यावर पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिल्याक्षणी येत असेल तर तेल व्हॉल्व्ह गाइडमधून येतंय, रिंगचा संबंध नाही. जोर देत चढताना सतत येत असेल तर रिंग.

रिंगची मुख्य कारणं तीन. दुसरी रिंग निमुळती असते, तिच्यावरची खूण पिस्टनच्या माथ्याकडे हवी. उलटी लागली तर ती तेल खाली खरवडण्याऐवजी वर ढकलते. दुसरं, होनिंगनंतर बोअर पेट्रोलने धुतला असेल तर दगडाची भुकटी रेघांमध्येच अडकून राहते आणि रिंग झिजवते. बोअर गरम पाण्याने, साबणाने आणि ताठ ब्रशने धुवावा लागतो. मग तेल लावलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसायचा आणि फडकं राखाडी होणं थांबेपर्यंत हे करत राहायचं. तिसरं कारण सगळ्यात जास्त आढळतं : इंजिन नवं म्हणून हळू चालवणं. रिंगला बोअरवर दाबतो तो गॅसचा दाब. तो नसला की रेघा घासल्या जाण्याऐवजी तेलाच्या थराने गुळगुळीत होतात आणि मग रिंग कधीच बसत नाही. सिंथेटिक तेल सुरुवातीला घातलं तर हे आणखी लवकर होतं.

अजून वेळ असेल तर मिनरल तेलावर, इंजिन पूर्ण गरम करून, तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ते ४५०० आरपीएमपर्यंत अर्ध्याहून अधिक थ्रॉटलने ओढा, मग पाय काढून वेग उतरू द्या. असं दहा-पंधरा वेळा करा. आधी आणि नंतर कॉम्प्रेशन टेस्ट घ्या, थ्रॉटल पूर्ण उघडून. आकडे वाढले तर रिंग बसताहेत. नाहीच वाढले तर पिस्टन बाहेर काढून रिंगचा गॅप मोजा. रिंग पिस्टनच्या माथ्याने बोअरमध्ये २५ मिमी सरळ ढकलून ८१ मिमीच्या बोअरला वरच्या रिंगचा गॅप ०.३३ ते ०.३६ मिमी यावा. कमी असेल तर कानस रिंगच्या बाहेरच्या तोंडाकडून आत चालवा, उलट चालवली तर कोटिंगचा कपचा उडतो. बोअरला पुन्हा क्रॉस-हॅच (तिरप्या रेघा) द्या आणि रिंग नव्याच घाला.